इंडोनेशियात हिंदू देव कुठे बसतो?

वर्षातून तीन-चार वेळा तरी कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो येतोच. इंडोनेशियाची वीस हजार रुपियाची नोट आणि तिच्यावर गणपती. खाली मजकूर असा, की जगातले सर्वांत जास्त मुसलमान ज्या देशात राहतात, त्याच्या नोटेवरही आपला बाप्पा आहे. फोटो खोटा नाही. १९९८ च्या मालिकेतल्या त्या नोटेवर की हजर देवांतारा या थोर शिक्षणकर्त्याच्या चित्राशेजारी गणपती होता. पण ती नोट चलनातून केव्हाच गेली. शिवाय तो गणपती पूजेचा नव्हता, विद्येचं चिन्ह म्हणून तिथे छापला होता. बांडुंगच्या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेच्या बोधचिन्हातही तो याच अर्थाने आहे.

तिथल्या हिंदू माणसाला विचाराल, तर त्याच्या लेखी नोटेपेक्षा मोठा कागद म्हणजे त्याचं ओळखपत्र. त्याला केटीपी म्हणतात. त्यावर नाव, पत्ता, जन्मतारीख यांच्यासोबत एक रकाना असतो, ‘आगामा’, म्हणजे धर्म. या रकान्यात ‘हिंदू’ असं लिहिता यावं म्हणून बालीच्या लोकांना स्वतंत्र इंडोनेशियात कित्येक वर्षं सरकारदरबारी झगडावं लागलं. आज तिथला हिंदू धर्म जसा दिसतो, शाळेत जसा शिकवला जातो, देवळात जसा आचरला जातो, त्यातलं बरंच काही त्या झगड्यात घडलेलं आहे. आपल्याकडे बालीबद्दल बोलताना ‘हजार वर्षांपूर्वीचा आपला धर्म तिथे जसाच्या तसा टिकलाय’ असं सर्रास म्हटलं जातं. मला वाटतं, असं म्हणून आपण तिथल्या माणसांच्या गेल्या सत्तर वर्षांच्या कष्टांवर पाणी ओततो.

आधी थोडी आकडेवारी. २०१० च्या जनगणनेनुसार इंडोनेशियात सुमारे ४० लाख हिंदू होते, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या जेमतेम १.७ टक्के. त्यातले ३२ लाखांहून जास्त एकट्या बाली बेटावर. बालीच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण ८३ टक्क्यांच्या वर. उरलेले जावा, लोंबोक, सुमात्रा, सुलावेसी, कालिमंतान असे विखुरलेले. बाली सोडलं की हिंदू माणूस अल्पसंख्य होतो आणि त्याच्या धर्माचं रोजचं रूपही बदलतं. म्हणून सुरुवात बालीच्या देवळापासून करू.

देवळाला तिथे ‘पुरा’ म्हणतात. पुरा पहिल्यांदा पाहणारा मराठी माणूस गोंधळतो. तो गाभारा शोधतो, घंटा शोधतो, मूर्ती शोधतो. यातलं काहीच समोर दिसत नाही. पुरा म्हणजे भिंतींनी वेढलेली उघडी आवारं. बहुतेक ठिकाणी एकात एक अशी तीन. बाहेरच्या आवारात गावाची लगबग, मधल्यात तयारी, आणि सर्वांत आतल्या ‘जेरोआन’मध्ये देवांची आसनं. वर आकाश. आत एकावर एक काळ्या छपरांचे ‘मेरू’ नावाचे मनोरे असतात. त्यांची छपरं कायम विषम संख्येत, जास्तीत जास्त अकरा. नाव मेरू पर्वतावरूनच आलेलं.

देव इथे कायम मुक्कामाला नसतो. उत्सवाच्या दिवशी त्याला बोलावतात, तो उतरतो, आसनावर किंवा छोट्या ‘प्रतिमा’मध्ये वास करतो, नाचगाणं पाहतो, नैवेद्य घेतो आणि परत जातो. आपल्याकडे गणपतीची प्राणप्रतिष्ठा करतात आणि मग उत्तरपूजा करून त्याला निरोप देतात, तसं काहीसं. फरक एवढाच की बालीत हा नियम जवळजवळ प्रत्येक देवळाला लागू आहे. एरवीच्या दिवशी पुरा ओस वाटतो, त्याचं कारण हे.

गावागावात देवळं किती असावीत याचा एक ठरलेला साचा आहे. प्रत्येक पारंपरिक गावात, म्हणजे ‘देसा आदात’मध्ये, तीन देवळं हवीतच. डोंगराच्या बाजूला गावाच्या मूळपुरुषांचं ‘पुरा पुसेह’, गावाच्या मध्यावर सभेचं ‘पुरा देसा’ आणि समुद्राच्या बाजूला, स्मशानालगत, ‘पुरा दालेम’. यांचा संबंध अनुक्रमे विष्णू, ब्रह्मा आणि शिव यांच्याशी लावतात. दालेममध्ये दुर्गेचाही वास. याशिवाय प्रत्येक घराच्या आवारात कोपऱ्यात घरचं देवस्थान, ‘सांगाह’. कुळाचं वेगळं देऊळ. भाताच्या पाण्याचं वेगळं. शेतकऱ्यांच्या पाणीवाटपाच्या ‘सुबाक’ संस्थांची स्वतःची जलदेवळं आहेत. कुठल्या खाचराला पाणी कधी सोडायचं हे तिथे ठरतं. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाकला जागतिक वारशात घेतलं, ते या व्यवस्थेसाठी.

हे सगळं समजून घ्यायला मराठीत दोन नेमके शब्द आहेत, गावकी आणि भावकी. बालीतला माणूस एकाच वेळी गावकीच्या तीन देवळांचा आणि भावकीच्या कुलदेवळाचा देणेकरी असतो. ‘बांजार’ नावाच्या वस्तीच्या मंडळात त्याची हजेरी लागते, देवळाच्या झाडलोटीला, मांडवाला, प्रेतयात्रेला जावंच लागतं. नाही गेलात तर दंड. वारंवार चुकलात तर गाव वाळीतही टाकू शकतं, आणि मग मेल्यावर गावच्या स्मशानात जागा मिळण्याची पंचाईत. आज बालीची राजधानी असलेल्या देनपसारच्या हॉटेलात पाळीत काम करणाऱ्या तरुणाला हे जमवताना घाम फुटतो. पण त्याच्या धर्माचा कणा हाच आहे. मनातल्या श्रद्धेचा भाग पुढे येतो, आधी हजेरी येते.

आता पूजा. बालीत पहाटेपासून रस्त्यावर, दुकानाच्या उंबऱ्यावर, स्कूटरच्या हँडलवर, हॉटेलच्या काउंटरवर नारळाच्या कोवळ्या पातींची तळहाताएवढी चौकोनी परडी दिसते. तिला ‘चानांग सारी’ म्हणतात. आत फुलं दिशेप्रमाणे ठेवतात: पूर्वेला पांढरी, दक्षिणेला तांबडी, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी, काळपट किंवा हिरवी. प्रत्येक दिशेचा देव ठरलेला. पण चानांगचा जीव फुलांच्या खाली लपलेला असतो, ‘पोरोसान’मध्ये. पोरोसान म्हणजे विड्याचं पान, चुना आणि सुपारी. आपल्याकडे कुठल्याही शुभकार्याची सुरुवात पान-सुपारीने होते. हजारो कोसांवर देवासमोर तोच विडा मांडलेला पाहून माझ्या मनात जे हललं, ते कुठल्याही नोटेवरच्या चित्राने हललं नव्हतं.

ही परडी वर देवासाठी ठेवतात, तशी खाली जमिनीवर भूतांसाठीही ठेवतात. भूत म्हणजे पंचमहाभूतांतलंही आणि पिंपळावरचंही. या शक्तींना संपवायचं नसतं, त्यांचा वाटा देऊन शांत ठेवायचं असतं. बालीचा सगळा विधी पाच यज्ञांत वाटलेला आहे: देव, पितृ, ऋषी, मनुष्य आणि भूत. आपल्या शास्त्रातल्या पंचमहायज्ञांशी त्यांचं नातं उघड दिसतं. भूतयज्ञात कोंबडं, बदक, डुक्कर, प्रसंगी रेडाही लागतो. देवीला बकरं देणाऱ्या गावातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. ज्यांच्या मनात हिंदू म्हणजे शाकाहारी असं पक्कं बसलंय, त्यांना मात्र बालीत पहिल्याच जेवणाला अडखळायला होतं.

देवळात सामूहिक पूजा असली की माणसं जमिनीवर बसतात. पाच वेळा हात जोडायचे. पहिल्यांदा रिकाम्या हातांनी. दुसऱ्यांदा बोटांच्या टोकाला फूल धरून सूर्यरूपी शिवाला. तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा ‘क्वांगेन’ नावाचा पानाफुलांचा छोटा द्रोण धरून, आधी त्या देवळाच्या इष्टदेवतेला आणि मग आशीर्वाद देणाऱ्या देवाला. पाचव्यांदा पुन्हा रिकामे हात. मग पुजारी तीर्थ शिंपडतो. शब्दही तोच, ‘तीर्ता’. तळहातावर घ्यायचं, प्यायचं, तोंडावर-डोक्यावर फिरवायचं. शेवटी पाण्यात भिजवलेले तांदळाचे दाणे कपाळाला चिकटवायचे, ती ‘बीजा’. आपल्या अक्षतांची ही बहीणच. तीर्थाचं महत्त्व इतकं, की पूर्वी बालीचे लोक आपल्या धर्माला ‘आगामा तीर्ता’ही म्हणत.

हे तीर्थ सिद्ध करण्याचा सर्वांत मोठा अधिकार ‘पेडांडा’ म्हणजे ब्राह्मण कुळातल्या दीक्षित पुरोहिताचा. तो पहाटे घंटा, मुद्रा आणि मंत्र यांनी ‘सूर्य सेवाना’ करतो. त्या वेळी शिव त्याच्या देहात उतरतो आणि पाण्याचं तीर्थ होतं, अशी धारणा आहे. काही पेडांडा शिवमार्गी, काही बौद्धमार्गी, आणि मोठ्या विधीला दोघेही शेजारी बसतात. गावच्या देवळाची रोजची व्यवस्था पाहणारा ‘पेमांकू’ वेगळा, तो कुठल्याही जातीचा असू शकतो. पण खरी राबणूक बायकांची. नैवेद्याच्या मांडणीचे शेकडो प्रकार त्यांच्या हातात आणि डोक्यात असतात. आता नोकरी करणाऱ्या बायका बाजारातून तयार चानांग घेतात, आणि त्यासाठी लागणाऱ्या नारळाच्या पाती बऱ्याचदा शेजारच्या जावा बेटावरून येतात.

कालगणनेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण प्रवासी लोक इथेच हमखास चुकतात. बालीत दोन पंचांगं एकत्र चालतात. एक ‘पावुकोन’. सात दिवसांचा आठवडा, असे तीस आठवडे, मिळून २१० दिवस. बहुतेक देवळांचा वार्षिक उत्सव, ‘ओडालान’, या चक्रावर येतो, म्हणजे आपल्या एका वर्षात कधी कधी दोनदा. गालुंगान हा मोठा सणही याच चक्रावर. त्या दिवशी पितर घरी येतात आणि दहा दिवसांनी कुनिंगानला परत जातात. घराघरासमोर ‘पेंजोर’ उभा राहतो: उंच, टोकाकडे झुकलेला बांबू, नारळाच्या पातींनी, धान्याने, फळांनी सजवलेला. गुढी पाहत वाढलेल्या माणसाचे पाय तिथे थबकतात. दुसरं पंचांग चांद्र, आणि ते शकाचं आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

इतकं गाठीला बांधून आता त्या ओळखपत्राच्या रकान्याकडे जाऊ.

१९४५ साली इंडोनेशिया स्वतंत्र झाला तेव्हा देश इस्लामी असावा की नाही यावर मोठा वाद होता. तोडगा निघाला तो ‘पंचशील’ या पाच तत्त्वांचा, तिथल्या उच्चारात पांचासिला. त्यातलं पहिलंच तत्त्व एकमेव परमेश्वरावरच्या श्रद्धेचं. म्हणजे राज्य इस्लामी नाही, पण निधर्मीही नाही. नागरिकाने देव मानायला हवा आणि तो एकच असायला हवा. १९४६ मध्ये धर्म मंत्रालय आलं. पुढे त्याने ‘धर्म’ कशाला म्हणायचं याचे निकष लावले: एक ईश्वर, एक धर्मग्रंथ, एक प्रेषित, आणि एका जमातीपलीकडे मान्यता. या मापाने बालीचे लोक धर्महीन ठरले. त्यांच्याकडे देव हजार, ग्रंथ ताडपत्रांवर आणि गावागणिक वेगळे, प्रेषित कुणीच नाही. सरकारी भाषेत त्यांच्याकडे रूढी होत्या, धर्म नव्हता. ‘ज्यांना अजून धर्म नाही’ अशा लोकांत गणना होणं म्हणजे धर्मप्रसारकांना दार उघडं ठेवणं. भीती खरी होती.

शब्दांची एक गंमत इथे नोंदवून ठेवतो. इंडोनेशियन भाषेत धर्माला ‘आगामा’ म्हणतात, तो आपला आगम. रूढीला ‘आदात’, तो अरबी. तिथला मुसलमान आपल्या धर्माला ‘आगामा इस्लाम’ म्हणतो, रोज्याला ‘पुआसा’ म्हणजे उपवास म्हणतो, स्वर्गाला ‘सुर्गा’ आणि पुण्याला ‘पाहाला’ म्हणजे फळ. संस्कृत शब्द तिथे कुणा एका धर्माच्या मालकीचे राहिलेले नाहीत. हिंदूंच्या लढ्यात भाषेचा काही उपयोग झाला नाही, त्याचं कारण यातच आहे.

मग बालीच्या शिकलेल्या पिढीने काम हाती घेतलं. काही तरुण भारतात शिकायला आले. पुढे बालीचे गव्हर्नर झालेले इदा बागुस मंत्र शांतिनिकेतनमध्ये शिकले होते. भारतातून बालीत जाऊन राहिलेले पंडित नरेंद्रदेव शास्त्री यांनी दिवसातून तीनदा म्हणायच्या ‘त्रिसंध्ये’च्या रचनेत मोठा वाटा उचलला. तिची सुरुवात गायत्री मंत्राने होते. बालीच्या संघटना एकत्र आल्या आणि १९५८ साली त्यांनी आपलं गाऱ्हाणं थेट राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंपर्यंत नेलं. सुकार्नोंची आई बालीचीच होती. त्याच वर्षी मंत्रालयाने मान्यता दिली, आणि १९५९ मध्ये ‘परिषदा’ ही धार्मिक सभा स्थापन झाली. सुरुवातीला तिच्या नावात ‘हिंदू बाली’ होतं. १९६४ मध्ये ‘बाली’ गळालं. धर्म बेटाबाहेर जायला मोकळा झाला.

मंत्रालयाच्या प्रत्येक अटीला उत्तर शोधलं गेलं. ग्रंथ वेद, प्रेषितांच्या जागी ऋषी. आणि एकमेव ईश्वर? त्याचं नाव ‘सांग ह्यांग विधी वासा’. यातला विधी म्हणजे आपल्या विधिलिखितातला विधी, सृष्टीचा नेम ठरवणारा. बाकीचे सगळे देव ही त्याची रूपं. शाळेत मुलांना पाच श्रद्धा पाठ कराव्या लागतात: ब्रह्मन, आत्मन, कर्मफल, संसार, मोक्ष.

काही अभ्यासक आणि टीकाकार याला ‘सरकारला दाखवायला बनवलेला धर्म’ म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं, आणि त्याचं कारण देवळातच उभं आहे. बालीच्या देवळांत ‘पद्मासन’ नावाची एक वास्तू असते. योगासनाशी तिचा संबंध नाही. हे दगडी उंच सिंहासन आहे. पायथ्याशी कासव, त्याला अनंत आणि वासुकी नागांचा विळखा, मधे पर्वतासारखे थर आणि टोकाला आकाशाखाली एक खुर्ची. खुर्ची रिकामी. परंपरा सांगते की सोळाव्या शतकात जावाहून आलेल्या डांग ह्यांग निरार्थ या पुरोहिताने पद्मासनाची प्रथा रुजवली. म्हणजे ज्याला रूप नाही, ज्याचा विचारही करता येत नाही, अशा ‘अचिंत्य’ देवासाठी जागा राखून ठेवण्याची रीत बालीत चारशे वर्षं आधीपासून होती. मंत्रालयाने एक देव मागितला तेव्हा बालीच्या लोकांनी आवारातल्या त्या रिकाम्या आसनाकडे बोट दाखवलं. आज बालीबाहेर, जकार्तापासून सुलावेसीपर्यंत, नवं देऊळ बांधायचं झालं की मेरूचे मनोरे असोत-नसोत, पद्मासन असतंच. देनपसारच्या मध्यवर्ती जगतनाथ मंदिरात मुख्य जागा त्याचीच आहे. ते देऊळ कुठल्याही गावकीचं किंवा भावकीचं नाही, पौर्णिमा-अमावास्येला तिथे सगळ्या जातींचे लोक एका अंगणात बसतात.

बालीबाहेरच्या हिंदूंची गोष्ट याहून कठीण आहे. १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात कम्युनिस्ट ठरवून लाखो माणसं मारली गेली. एकट्या बालीतल्या मृतांचा अंदाज ८० हजारांच्या आसपास आहे. त्यानंतर ‘धर्म नसलेला’ म्हणजे ‘कम्युनिस्ट’ असा शिक्का बसण्याची धास्ती होती. १९६५ च्याच अध्यक्षीय फर्मानात सहा धर्मांची नावं आली होती: इस्लाम, प्रोटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध, कन्फ्यूशियन. ज्यांच्या पूर्वजांचे रिवाज या सहांत बसत नव्हते, त्यांनी जवळचं छप्पर शोधलं. जावातल्या अनेक खेड्यांनी हिंदू धर्म स्वीकारला. ब्रोमो ज्वालामुखीच्या परिसरातले तेंगर लोक हिंदू म्हणून नोंदले गेले. त्यांचा कासादा विधी आजही होतो, शेतातली भाजी, कोंबड्या, बकरी ज्वालामुखीच्या तोंडात अर्पण करतात. कालिमंतानच्या दायाक लोकांचा ‘काहारिंगान’ धर्म १९८० मध्ये हिंदू धर्माचा भाग म्हणून नोंदला गेला. त्यांचं ‘तिवाह’ म्हणजे हाडं उकरून पुन्हा करायचं उत्तरकार्य, त्याची रीत त्यांची स्वतःची. सुमात्रातल्या मेदान शहरात तमिळ मळेकामगारांच्या वंशजांचं मारिअम्मन मंदिर आहे, १८८४ चं. इतकी वेगळी माणसं ओळखपत्रावरच्या एका शब्दाखाली आली.

हे छप्पर सगळ्यांना सारखं लाभलं असं नाही. काहारिंगानमधले काही लोक आता स्वतंत्र मान्यता मागतात. २०१७ मध्ये घटना न्यायालयाने पारंपरिक श्रद्धा मानणाऱ्यांनाही ओळखपत्रावर तशी नोंद करण्याचा हक्क दिला, त्यानंतर या मागणीला बळ मिळालं. जावाच्या हिंदूंची तक्रार निराळी असते: देवळात बालीचीच वेशभूषा, बालीचाच नैवेद्य का? आणि बालीत उलट्या दिशेचा राग आहे. भारतातून आलेले भक्तिसंप्रदाय आमचे विधी जुनाट ठरवतात, असं तिथल्या गावसंस्था म्हणतात. या वादात २०२१ मध्ये परिषदेने कृष्णभक्तीच्या एका आंतरराष्ट्रीय संप्रदायाला दिलेलं छत्र काढून घेतलं. आपण ‘बालीचे लोक आपलेच’ म्हणतो तेव्हा तिथलं अंगण हे असं सावध आहे, हे भारतातल्या माणसाने जाणून घ्यायला हवं.

रोजच्या अडचणी साध्या पण चिवट. कुठल्याही धर्माचं नवं प्रार्थनास्थळ बांधायचं तर २००६ च्या नियमाप्रमाणे वापरणाऱ्या किमान ९० जणांची नावं आणि परिसरातल्या ६० जणांची संमती लागते. पश्चिम जावातल्या एखाद्या शहरात पंचवीस हिंदू कुटुंबं असतील तर त्यांनी काय करावं? ती दूरच्या देवळात जातात. शाळेत धर्मशिक्षण सक्तीचं, पण हिंदू शिक्षक बहुतेक शाळांत नसतात. म्हणून जकार्तातली मुलं रविवारी रावामांगुनच्या आदित्य जया देवळासारख्या ठिकाणी वर्गाला बसतात आणि तिथले गुण त्यांच्या शाळेत पोचतात. एखाद्या मुलाला देऊळ आधी परीक्षेमुळे कळतं आणि पूजेमुळे नंतर. मला यात वाईट काही दिसत नाही. दूर देशी वाढणाऱ्या मराठी मुलांचे रविवारचे मराठी वर्ग असेच असतात.

योग्याकार्ताजवळच्या प्रंबानानचा उल्लेख इथे हवाच. नवव्या शतकातलं हे त्रिमूर्तीचं संकुल, शिवाचं मुख्य मंदिर ४७ मीटर उंच, कठड्याच्या आतल्या बाजूने रामायण कोरलेलं. शेकडो वर्षं ते पडीक होतं. मग त्याची दुरुस्ती झाली, युनेस्कोच्या यादीत गेलं, तिकीट लागलं. आपल्या वेरूळच्या कैलासासारखं: देऊळ आहे, नित्यपूजा नाही. जावाच्या हिंदूंनी धीर सोडला नाही. इसवी सन ८५६ च्या शिलालेखात या शिवगृहाच्या प्रतिष्ठापनेची नोंद आहे. तिचं स्मरण करून २०१९ मध्ये तिथे अभिषेकाचा विधी झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकार आणि प्रांतांनी करारावर सह्या केल्या आणि प्रंबानान हिंदूंच्या, तर बोरोबुदूर, मेंदुत आणि पावोन ही जुनी मंदिरं बौद्धांच्या उपासनेसाठी अधिकृतपणे खुली झाली.

याच प्रंबानानच्या पटांगणात दर वर्षी शकवर्षाच्या शेवटच्या दिवशी मोठा भूतयज्ञ होतो. दुसऱ्या दिवशी ‘न्येपी’, नवं शकवर्ष. आपला शालिवाहन शक आणि त्यांचा ‘साका’, दोघांचा आकडा एकच. २०२३ मध्ये गुढीपाडवा आणि न्येपी दोन्ही २२ मार्चला आले, शके १९४५. २०२६ मध्येही दोन्ही १९ मार्चला, शके १९४८. अधिक महिना धरण्याची त्यांची रीत वेगळी, त्यामुळे कधी कधी महिनाभराचं अंतर पडतं. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला झाला आणि पाडवा ९ एप्रिलला.

तारीख जुळली तरी दिवस अगदी उलटा. न्येपीच्या आधी देवांना मिरवत समुद्रावर नेतात. आदल्या संध्याकाळी तरुण मंडळांनी महिनोन्‌महिने खपून केलेले राक्षसांचे प्रचंड पुतळे, ‘ओगोह-ओगोह’, वाजतगाजत चौकाचौकांत फिरवतात. गणपतीच्या दिवसांत मंडपात रात्री जागवणाऱ्या पोरांना त्यांच्यात आपली भावंडं दिसतील. मग सकाळी सहापासून २४ तास सगळं बंद. चार व्रतं: अग्नी नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. चूल पेटत नाही, दिवे लागत नाहीत, विमानतळ बंद राहतो, २०१८ पासून मोबाइलचं इंटरनेटही थांबवतात. रस्त्यावर फक्त ‘पेचालांग’, म्हणजे चौकडीचं वस्त्र गुंडाळलेले गावचे राखणदार. रुग्णालयं तेवढी चालू. परदेशी पाहुण्यांनीही हॉटेलच्या आवारातच राहायचं, आणि बालीत राहणाऱ्या मुसलमान-ख्रिस्ती शेजाऱ्यांनीही घरातच. १९८३ पासून ही सगळ्या देशाची सार्वजनिक सुट्टी आहे.

त्या रात्री आकाश स्वच्छ असेल तर देनपसारसारख्या शहरावरही तारे दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ‘न्गेंबाक गेनी’, अग्नी मोकळा करण्याची वेळ. चुली पेटतात, फाटकं उघडतात आणि लोक नातलगांकडे जाऊन गेल्या वर्षीच्या चुकांची माफी मागतात.